निळी टाचणी

मक्याची नवी कणसं भरायच्या आधी कोठी झाडून घ्यावी लागते, आणि झाडणाऱ्याचे गुडघे धड असावे लागतात. एर्मितास आत्याचे गुडघे मागच्या हिवाळ्यातच संपावर गेले होते. त्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या गाडीतून डॉक्टरला गुडघे दाखवायला गेली, आणि ती परत यायच्या आत सगळं लख्ख करून तिला चकित करायचं असं मनाशी ठरवून ओतिलिया शिडी लावून दगडी खांबांवरच्या त्या कोठीत चढली. आजवर आत्याने तिला कधी वर जाऊ दिलं नव्हतं. पाय घसरेल, उंदीर आहेत, धुळीने खोकला येईल. दरवर्षी नवं कारण. एकेचाळीस वर्षांची बाई, आर्नेला गावच्या शाळेत वीस-वीस बायकांना लेस शिकवणारी, आणि स्वतःच्या घरच्या कोठीत कधी डोकावलेली नाही! ओतिलियाला स्वतःचंच हसू येत होतं.

अगदी मागच्या कोपऱ्यात, फुटक्या टोपल्यांच्या आड, मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वरून जाळ्याच्या दोरीने करकचून बांधलेलं. तिला वाटलं, आजोबांचं काही मासेमारीचं सामान असेल. तिने गाठ सोडली, कापड बाजूला केलं.

ती आईची लेस विणायची उशी होती. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पेंढा ठासून भरलेली, कोपऱ्यात कॉफीचा डाग पडलेली. वर नक्षीची भोकं पाडलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टाचण्या, टाचण्यांच्या रांगेत अर्धी विणलेली लेस आणि दोऱ्यांच्या टोकाला आईच्या हाताने गुळगुळीत झालेल्या लाकडी कांड्या.

ओतिलिया नऊ वर्षांची असताना तिच्या आईला, दोरिंदाला, समुद्राने नेलं, हे आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. १९६२ सालची १२ फेब्रुवारी, सोमवार. वडील रामिरो तीन वर्षं आधीच बोटीसकट बुडाले होते. घरात कासिल्दा आजी, तिची मुलगी एर्मितास, सून दोरिंदा आणि ही पोर. त्या दुपारी ओहोटी होती. तासाभरात खडकावरची कालवं काढून आणते असं सांगून दोरिंदा गेली ती गेलीच. कड्याखाली तिची लोकरीची शाल आणि कालवं खरवडायची पट्टी तेवढी सापडली. रिकाम्या शवपेटीपुढे प्रार्थना झाली. पोरीने दोन वर्षं काळे कपडे घातले. तेव्हापासून दर १२ फेब्रुवारीला ओतिलिया अंगणातली लाल कॅमेलियाची फुलं ओंजळभर नेऊन त्या कड्यावरून समुद्रात टाकत आली होती. बत्तीस वेळा.

आईची उशी कुठे गेली, हे तिने तेव्हा विचारलं होतं. "गेलेल्या बाईची उशी झाकून ठेवतात, तिच्याविषयी विचारत नाहीत," असं आजी म्हणाली होती, आणि आजी एकदा बोलली की विषय संपायचा.

आता ती झाकलेली उशी समोर होती. ओतिलियाने ती उचलून कोठीच्या दाराशी उजेडात आणली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर सवयीने कामावर गेली. शिकवणारीची सवय वाईट. मेलेल्या आईची लेस हातात आली तरी आधी बघणार काय, तर कडा सरळ आहे का. कडा सरळच होती. आणि मग तिला कांड्या दिसल्या.

कांड्या सहा-सहाच्या जुड्या करून, प्रत्येक जुडी वेगळ्या फितीने बांधलेली होती.

मग तिने टाचण्यांवरून बोट फिरवलं. एकही टाचणी वर आलेली नव्हती. सगळ्या थेट माथ्यापर्यंत पेंढ्यात दाबलेल्या.

इतर कुणाला यात काही दिसलं नसतं. पण आमच्याकडची लेस विणणारी बाई उशीवरून कशी उठली, हे तिची उशी सांगते. शेजारणीने हाक मारली, दूध उतू गेलं, पोर पडलं, तर ती हातातली कांड्यांची जोडी तशीच टाकून पळते. तासाभरासाठी जायचं असलं तर ओळ पुरी करते, टाचणीभोवती वीण बंद करते, कांड्या पंख्यासारख्या पसरून ठेवते आणि जिथे थांबली तिथे लाल माथ्याची टाचणी लावते. नाहीतर परत आल्यावर शोधत बसा, कुठे होतो ते. आणि टाचण्या दाबून कांड्यांच्या जुड्या कधी करते? उशी हलवायची असेल तेव्हा. किंवा आपण फार दिवसांसाठी दूर जाणार असू तेव्हा. हे काम घाईत होत नाही. फिती शोधाव्या लागतात, सहा-सहा मोजाव्या लागतात, दोरे गुंतू न देता बांधावे लागतात. चांगला अर्धा तास जातो.

कालवं आणायला निघालेली बाई हे कशाला करेल?

"नाही," ओतिलिया मोठ्याने म्हणाली. कोठीत ऐकायला कुणी नव्हतं. "नाही, नाही. आजीने नंतर बांधल्या असतील."

पण आजी गाठ मारायची कोळ्याची, दुहेरी. या फुलगाठी होत्या. शाळेत जाताना तिच्या वेणीला असायच्या तशा.

लाल टाचणी तिला लगेच सापडली. नक्षीतलं एक पान विणून संपलेलं, त्याचं टोक बंद केलेलं आणि तिथे ती लावलेली. पुठ्ठ्यावर त्यापुढे, अजून न विणलेली, वळणं घेत जाणारी लांबच लांब साधी पट्टी होती. नुसती फुली, पीळ, फुली. नऊ वर्षांच्या पोरीलाही येणारी वीण. त्या पट्टीवरून बोट पुढे नेत नेत ती एक वीत गेली, पाच विती गेली, दहा ओलांडल्या, आणि जिथे पट्टी संपून पुढचं पान सुरू होणार, त्याच्या अलीकडच्या भोकात तिच्या बोटाला काहीतरी लागलं.

निळी टाचणी.

ओतिलियाच्या तोंडून किंकाळीच निघाली.

ही निळी टाचणी गावात आणखी कुणाकडे नव्हती. वडिलांची बोट रंगवून उरलेल्या रंगात आईने एका टाचणीचा माथा बुडवला होता. आई गिरणीत गेली, बाजारात गेली की शाळेतून येणाऱ्या पोरीसाठी उशी बाकावर तयार असायची. लाल टाचणी म्हणजे मी इथवर आले. निळी टाचणी म्हणजे तू इथवर ये, तोवर मी परत येते. बोलायची, चिठ्ठीची गरज नव्हती. निळी दोन बोटं पुढे असली की आई संध्याकाळपर्यंत येणार. चार बोटं पुढे असली की उद्या. एकदा आई आजारी बहिणीकडे गेली तेव्हा निळी चांगली आठ बोटं पुढे होती, आणि ओतिलिया रडत रडत विणत तिथवर पोचली, त्याच दुपारी आई दारात उभी.

आणि इथे निळी टाचणी बारा विती पुढे होती.

नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताने, शाळा सांभाळून, किती दिवस? ओतिलियाने बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ-दहा आठवडे. फेब्रुवारीच्या मध्यापासून दहा आठवडे म्हणजे ईस्टर.

आई समुद्रात गेली नव्हती. आई कुठेतरी निघाली होती, आणि ईस्टरला परत येणार होती. तिच्यासाठी मुद्दाम अवघड पान स्वतः विणून, सोपी पट्टी ठेवून गेली होती. आणि ती उशी बाकावर न येता कोठीत आली होती.

शिडीवरून खाली कशी उतरली ते तिला नंतर आठवेना.

आत्या परतली तेव्हा ओतिलिया अंगणातल्या दगडी बाकावर उशी मांडीवर घेऊन बसली होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून उतरता उतरताच आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "डॉक्टर कसला मेला, दुधाचे दात पडले नसतील! म्हणतो, चाला. गुडघे चालत असते तर तुझ्याकडे कशाला आले असते रे सोन्या? आणि ती शिडी कुणी लावली तिथे? ओतिलिया, तुला मी हजारदा…"

तिला उशी दिसली. काठी हातातून गळून फरशीवर पडली. शेजाऱ्यांची गाडी निघून गेली.

"उंदरांनी खाल्ली नाही वाटतं अजून," आत्या म्हणाली. ही आमची एर्मितास. जग बुडत असलं तरी आधी टोमणा.

"आत्या, आई कुठे गेली?"

"समुद्रात. सगळ्या गावाला माहितीय."

"तासाभरासाठी जाणारी बाई जुड्या बांधून जाते?"

"तिला टापटीप आवडायची."

"टाचण्या माथ्यापर्यंत दाबते?"

"मला काय विचारतेस गं? मी कधी बसले का विणायला? माझी बोटं लाकडाची, तुझी आजीच म्हणायची."

"ही निळी टाचणी बघ. बघ म्हणते ना! इथे. बारा विती. कळतंय तुला याचा अर्थ?"

आत्याला खरंच कळत नव्हतं. बत्तीस वर्षं तिने ती उशी लपवली होती, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते तिला एका अक्षराने वाचता येत नव्हतं. ओतिलियाने सांगितलं. लाल म्हणजे काय, निळी म्हणजे काय, ईस्टर म्हणजे काय. आत्या ऐकता ऐकता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"माझी आई म्हणाली होती जाळ," ती म्हणाली. "मला म्हणाली, आजच्या आज चुलीत घाल. मी नेली चुलीपाशी. पण त्या फिती बघितल्या आणि मला जाळवेना बाई. तुझ्याच होत्या ना, केसांच्या."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं."

"ती जिवंत होती."

"बसने गेली. पहाटेच्या. जर्मनीला. कुक्सहाफेन की काय म्हणतात तिथे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तुझ्या बापाचं प्रेत मिळालं नाही म्हणून पेन्शन नाही, लेसवर किती दिवस भागणार? ती म्हणाली, ईस्टरला येते आणि पोरीला घेऊन जाते. तुला उठवलं नाही, म्हणाली, रडेल. सकाळी आम्ही तुला ती गिरणीत गेली म्हणून सांगितलं. शाळेतून आली की उशी दे, तिला समजेल. मला वाटलं, काय समजणार उशी देऊन? वेडी आहे झालं."

"शाल? कड्यावरची शाल?"

आत्याने मान खाली घातली. "मी ठेवली. शाल आणि पट्टी. आई म्हणाली, एर्मितास, माझा मुलगा गेला, आता ही त्याची पोर घेऊन जाणार आणि आपण दोघी भिंतींकडे बघत बसणार. नाही जमायचं. गावाला काय सांगणार, सून पळाली? त्यापेक्षा समुद्राने नेली म्हणू. समुद्राला काय, आणखी एक."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय हे ओतिलियाला त्या दिवशी कळलं. खरंच सरकते. ती दोन्ही हातांनी बाक धरून बसली. बत्तीस वेळा फुलं टाकली. त्या कड्यावर उभं राहून आईशी बोलली. लग्न ठरलं ते तिथे जाऊन सांगितलं. आणि खाली नुसतं पाणी.

"मग ईस्टरला आली का नाही ती?" तिने शेवटी विचारलं. "मला घ्यायला येणार होती ना? का नाही आली?"

आत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आत्या!"

"माझ्या आईला लिहिता येत नव्हतं," आत्या म्हणाली. "तिने सांगितलं, मी लिहिलं. मार्चमध्ये."

"काय लिहिलंस?"

"तू मेलीस म्हणून."

ओतिलियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोण?"

"तू. घटसर्पाने. चार दिवसांत आटोपलं, आजोबांच्या शेजारी पुरलं, असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, कबर बघायला येते. मग आईने दुसरं लिहायला लावलं: येऊ नकोस, पोरीला टाकून गेलीस म्हणून ती गेली असं अख्खं गाव म्हणतंय, तोंड दाखवू नकोस. ती आली नाही."

अंगणात कोंबड्या चरत होत्या. ओतिलिया त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती एवढी भलतीसलती होती की तिला धड धरताही येईना: आपण जिला मेली समजून बत्तीस वर्षं रडलो, ती आपल्याला मेलेली समजून बत्तीस वर्षं रडतेय.

"आजी पंच्याहत्तर साली गेली," ती म्हणाली. "तेव्हापासून एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं?"

"कुठल्या तोंडाने सांगणार होते?" आत्या एकदम फणकारली, आणि मग तिचा आवाज फुटला. "सांगितलं असतं की तू निघून गेली असतीस. तू गेलीस तर माझं कोण होतं गं? मी लग्न केलं नाही, माझं मूल नाही, तुझ्या वेण्या मी घातल्या, तुला गोवर आला तेव्हा मी जागले. मी वाईट आहे, मला माहितीय. देवाला पण माहितीय, त्यानेच गुडघे घेतले. मार मला हवं तर."

ओतिलियाने मारलं नाही. तिला तो हातच उचलता आला नसता. तिने एवढंच विचारलं, "जिवंत आहे?"

आत्या काठीविना, भिंतीला धरत धरत, आत गेली. परत आली ती जुन्या पेटीचा खालचा कप्पाच ओढत घेऊन आली. ओतिलियाने तो कप्पा उघडा कधी पाहिला नव्हता.

"दरवर्षी येतं," आत्या म्हणाली. "नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाच्या आधी. पोस्टमनला मी सांगते, जर्मनीतली मावसबहीण आहे."

कप्प्यात लेसच्या कॉलर होत्या. प्रत्येक कॉलर पातळ कागदात, कागदावर साल. सगळ्यात खालची १९६२ ची. ओतिलियाने ती उलगडली. लहान मुलीची कॉलर, नऊ वर्षांच्या मानेला बसेल एवढी. १९६३ ची बोटभर मोठी. १९६४ ची आणखी जरा. ती एकेक उलगडत गेली. दहा वर्षांची मान, अकरा वर्षांची, बारा. मेलेल्या मुलीची मान आई दरवर्षी वाढवत होती. कबरीवर ठेवायला पाठवलेली कॉलर, आणि तीही मापाची! एकोणिसाव्या वर्षानंतर माप थांबलं. आणि शेवटच्या दोन-तीन कॉलर पुन्हा किंचित सैल होत्या. चाळिशीत बाईची मान भरते, हेही आई विसरली नव्हती.

१९९३ ची कॉलर ओतिलियाने गळ्याला लावून बघितली. नेमकी बसली. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं, आणि ते असं फुटलं की कोंबड्या अंगणभर पांगल्या.

सगळ्यात वरच्या वेष्टनावर पाठवणारीचं नाव आणि पत्ता होता. तेच कुक्सहाफेन, तोच समुद्रकाठ. फोन नंबर नव्हता. पण गेल्या ऑक्टोबरचं पार्सल म्हणजे गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. त्यानंतर वर्ष होत आलं होतं, आणि आई आता चौसष्ट वर्षांची होती. यंदाचं अजून आलं नव्हतं.

"पत्र लिही," आत्या म्हणाली. "मी सांगते, मीच खोटं लिहिलं होतं म्हणून. मी सही करते."

"तुझ्या पत्रावर तिने एकदा विश्वास ठेवला," ओतिलिया म्हणाली. "आता या घरातून आणखी एक पत्र गेलं, तर तिने काय समजायचं? मेलेली मुलगी पत्र लिहितेय? तिला झटका येईल."

ती उशी घेऊन खिडकीपाशी बसली. फिती सोडल्या. टाचण्या एकेक करून सैल केल्या. पितळ हिरवं पडलं होतं, पण दोरा धड होता. बाहेरचा दोरा पिवळा पडलेला आणि कांड्यांवर आतल्या थरातला अजून पांढरा. लाल टाचणीपासून तिने सुरुवात केली. फुली, पीळ, फुली. पिवळ्यातून पांढरा निघू लागला.

वीसेक टाचण्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं की उजव्या कडेला लेस लोंबतेय. कडेच्या टाचणीभोवती एक जास्तीचा पीळ द्यायचा असतो, नाहीतर कडा ढिली पडते. लहानपणी ती तो हमखास विसरायची. "तिली, पुन्हा ओठ लोंबला बघ तुझ्या लेसचा!" म्हणत आई हसायची आणि उसवायला लावायची. गेल्या तीस वर्षांत ओतिलियाच्या हातून ती चूक एकदाही झाली नव्हती. उलट तीच दुसऱ्यांना ओरडायची. आणि आज, पहिल्याच वीस टाचण्यांत, हाताने आपणहून तेच केलं होतं.

तिने उसवायला कांडी उचलली. मग ठेवून दिली. राहू दे म्हणाली. असा लोंबलेला ओठ आईने जगात एकाच मुलीच्या हातचा बघितलाय.

चार दिवस ती विणत होती. आत्या जेवण आणून ठेवायची आणि न बोलता न्यायची. एर्मितास आणि न बोलता! शेजारच्या बायका घाबरून विचारून गेल्या, घरात कुणी आजारी आहे का. नवरा ट्रॉलरवर होता, रेडिओवरून बोलला तेव्हा ओतिलियाने एवढंच सांगितलं, "सुसो, मी जर्मनीला जाते. आल्यावर सांगते. नाही, वेड लागलेलं नाही. लागलं असलं तरी जाते." रोज अकराच्या सुमारास पोस्टमनच्या स्कूटरचा आवाज आला की तिच्या हातातल्या जोड्या तिथेच थांबायच्या. पहिल्या दिवशी स्कूटर पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी विजेचं बिल. तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

निळ्या टाचणीला तीन भोकं उरली होती तेव्हा, चौथ्या दिवशी, स्कूटर दारात थांबली.

"एर्मितास बाई, तुमच्या मावसबहिणीचं," पोस्टमनने हाक दिली. आत्या हलली नाही. ओतिलियाच उठली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळ अर्धी टाकून उठली. पार्सल मऊ होतं. तारीख आठ दिवसांपूर्वीची. अक्षर थरथरतं, पण त्याच बाईचं. आत १९९४ ची कॉलर, एकेचाळीस वर्षांच्या मानेची.

आई आठ दिवसांपूर्वी जिवंत होती.

ती परत येऊन बसली. अर्धी टाकलेली ओळ शोधली, पुरी केली, तीन भोकं विणली आणि निळ्या टाचणीला पोचली. ईस्टर १९६२ ला पोचायचं होतं, ती ऑक्टोबर १९९४ ला पोचली.

लेस तिने कापली नाही. टाचण्या सगळ्या माथ्यापर्यंत दाबल्या. कांड्या सहा-सहाच्या जुड्या करून त्याच जुन्या फितींनी, फुलगाठ मारून बांधल्या. लाल टाचणी काढून स्वतः थांबली तिथे लावली. मग मोठं खोकं आणलं, उशी आत नीट बसवली, आणि झाकण लावायच्या आधी निळी टाचणी हातात घेऊन जरा थांबली.

"अगं, पण एक शब्द तरी लिही," आत्या दारातून म्हणाली. चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. "नुसती उशी बघून तिला काय समजणार?"

"तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस," ओतिलिया म्हणाली.

पुठ्ठ्यावर पुढचं पान सुरू होत होतं, अवघड पान. म्हाताऱ्या हातांना, चष्मा लावून, दोन दिवस तरी लागतील. पार्सल पोचायला आठ दिवस, पोचल्यावर दोन. तिने शेजाऱ्यांकडून मागवलेलं आगगाडीचं तिकीट खिशातून काढून तारीख पुन्हा एकदा बघितली. आणि निळी टाचणी पानाच्या मध्यावर, फक्त दोन बोटं पुढे लावली.